उपाशी पेशींची प्रथिननिर्मिती मोजायला प्युरोमायसिन आणि १२डी१० : कुठे चालतं, कुठे फसवतं

प्युरोमायसिनची एक कुपी आणि ते ओळखणारी १२डी१० ही अँटिबॉडी. एवढ्या दोन वस्तूंवर पेशींतली प्रथिननिर्मिती किती घटली ते साध्या वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखणाऱ्या पडद्यावर, दिसतं. २००९ साली ‘सनसेट’ या नावाने ही पद्धत प्रसिद्ध झाली आणि किरणोत्सारी मेथिओनिनला कंटाळलेल्या प्रयोगशाळांनी ती लगेच उचलली. आमचा निकाल आधीच सांगतो: पेशींना अमिनो आम्लांवाचून ठेवायचं असेल तर ही जोडी नि:शंक घ्या. ग्लुकोज काढून घेणार असाल, तर एकट्या या जोडीवर निष्कर्ष लिहू नका. या दोन उपासमारींत फरक का पडतो हे कळलं, की खरेदीचे बाकीचे प्रश्न आपोआप सुटतात.

प्युरोमायसिन हे स्ट्रेप्टोमायसिस अल्बोनायजर या जिवाणूपासून मिळणारं प्रतिजैविक. त्याची रचना टायरोसिन वाहून आणणाऱ्या टीआरएनएच्या टोकासारखी असते. प्रथिनं बांधणाऱ्या रायबोसोमच्या पंगतीत ते आगंतुकासारखं, नवा टीआरएनए उतरतो त्या ए-जागेवर येऊन बसतं आणि वाढत्या प्रथिनसाखळीला जोडलं जातं. खऱ्या टीआरएनएत जिथे एस्टर बंध असतो तिथे याच्याकडे अमाइड बंध आहे. रायबोसोमला तो तोडता येत नाही, म्हणून अर्धवट साखळी शेपटीला प्युरोमायसिन घेऊन सुटते. १२डी१० ही अँटिबॉडी नेमकी तीच शेपटी पकडते. यातून निघणारी एक गोष्ट बरेच जण विसरतात. एका साखळीला एकच प्युरोमायसिन लागतं, त्यामुळे १० किलोडाल्टनची साखळी आणि २०० किलोडाल्टनची साखळी यांचा सिग्नल सारखाच. मोजलं जातं ते त्या मिनिटांत सुटलेल्या साखळ्यांची संख्या. किती अमिनो आम्लं जोडली गेली, हे त्यातून कळत नाही.

आता पेशीच्या बाजूने पाहू. अमिनो आम्लं संपली की प्रथिननिर्मितीला दोन ब्रेक लागतात. पहिला जीसीएन-२ चा. रिकामे टीआरएनए साचले की हे कायनेज जागं होतं आणि प्रथिननिर्मिती सुरू करून देणाऱ्या ईआयएफ-२ या घटकाच्या अल्फा भागावर (ईआयएफ-२ अल्फा), ५१ व्या सेरिनवर फॉस्फेट चढवतं. असं फॉस्फेट चढलेलं ईआयएफ-२ हे त्याला पुन्हा कामाला लावणाऱ्या ईआयएफ-२बीला अडकवून ठेवतं. पेशीत ईआयएफ-२बी मुळातच कमी असल्याने थोड्याशा फॉस्फोरिलेशननेही सुरुवातीचा मेथिओनिल-टीआरएनए रायबोसोमपर्यंत पोचेनासा होतो. दुसरा ब्रेक एमटॉर संकुल-१ चा, म्हणजे पोषण पाहून पेशीची वाढ ठरवणाऱ्या कायनेजचा. ल्युसिनची खबर सेस्ट्रिन-२ देतं, आर्जिनिनची कॅस्टर-१ देतं. दोन्ही खबरी रॅग जीटीपेजपर्यंत जातात आणि एमटॉर लायसोसोमवर टिकणार की तिथून सुटणार हे ठरतं. एमटॉर बंद झालं की ४ई-बीपी१ हे रोधक प्रथिन मोकळं होऊन एमआरएनएचं टोक पकडणाऱ्या ईआयएफ-४ईला धरून ठेवतं. खुद्द रायबोसोमच्या प्रथिनांचा संकेत असलेल्या, सुरुवातीला ‘टॉप’ नावाचा खास क्रम असलेल्या एमआरएनएंना याचा सर्वांत जास्त फटका बसतो. दोन्ही ब्रेक भाषांतराच्या, म्हणजे एमआरएनएवरून प्रथिन बनवण्याच्या, सुरुवातीलाच लागतात. एमआरएनएवर चढणारे रायबोसोम कमी झाले की प्युरोमायसिनला बसायला जागाही कमी, म्हणून सिग्नल उतरतो. अमिनो आम्लांच्या उपासमारीत ही जोडी चालते ती यामुळेच.

स्पर्धक उत्पादनं पाहिली तर हा मुद्दा आणखी पक्का होतो. एस-३५ मेथिओनिन अजूनही सर्वांत थेट माप देतं, कारण त्यात खरं अमिनो आम्ल खऱ्या साखळीत जातं. पण आपल्याकडे त्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, वेगळी खोली आणि कचऱ्याची नोंद लागते, आणि अर्धायुष्य सुमारे ८७ दिवसांचं असल्याने माल साठवून ठेवता येत नाही. अझिडोहोमोअलॅनिन आणि होमोप्रोपार्जिलग्लायसिन या क्लिक-रसायनाच्या (नंतर रंग जोडता येतो अशा) जिनसा किरणोत्सारी नाहीत, पण मेथिओनिनची जागा घ्यायची तर आधी अर्धा-एक तास मेथिओनिनविरहित मीडियम द्यावं लागतं. उपासमारीचा अभ्यास करताना मोजमापासाठीच आणखी एक उपासमार लादायची, ही अडचण लहान नाही. मेथिओनिन काढल्याने जीसीएन-२ आणि एमटॉर दोन्ही हलतात, म्हणजे तुमचा ‘पोट भरलेला’ कंट्रोलसुद्धा अर्धा उपाशी. प्युरोमायसिन आहे त्याच मीडियममध्ये टाकता येतं. ओ-प्रोपार्जिल प्युरोमायसिन हा २०१२ पासूनचा भाऊबंद आहे. तोही मीडियम न बदलता चालतो आणि फ्लो सायटोमेट्रीसाठी १२डी१० पेक्षा सोयीचा पडतो. मात्र क्लिक अभिक्रियेतलं तांबं आणि अझाइड रंग यांचा खर्च वेगळा.

प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा प्युरोमायसिनच्या आधी, मीडियमपाशी. उपासमारीसाठी अर्लचं द्रावण (ईबीएसएस) घ्यावं, हँक्सचं नको. दोन्हींत अमिनो आम्लं नाहीत आणि दोन्हींत लिटरला १ ग्रॅम ग्लुकोज आहे. फरक बायकार्बोनेटचा. अर्लच्या द्रावणात ते लिटरला २.२ ग्रॅम असतं आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरसाठी तो हिशेब बसतो. हँक्सच्या द्रावणात ते ०.३५ ग्रॅमच असतं, म्हणून इन्क्युबेटरमध्ये ठेवताच ते आम्ल होतं आणि फिनॉल रेड पिवळं पडतं. मग प्रथिननिर्मितीतली घट उपासमारीने झाली की आम्लतेने, हे सांगता येत नाही. आणखी एक लक्षात ठेवा: लिटरला साडेचार ग्रॅम ग्लुकोजच्या डीएमईएम या नेहमीच्या मीडियममधून ईबीएसएसमध्ये गेलात, तर अमिनो आम्लांसोबत ग्लुकोजही साडेचारपट उतरलं आणि सीरमही गेलं. एकाच गोष्टीची उपासमार हवी असेल तर एक अमिनो आम्ल वगळलेलं डीएमईएम घ्या आणि कंट्रोलला तेच मीडियम, वगळलेलं अमिनो आम्ल परत घालून द्या. ल्युसिन लिटरला १०५ मिलिग्रॅम, आर्जिनिन हायड्रोक्लोराइड ८४, मेथिओनिन ३०: हे डीएमईएमचे आकडे.

सीरम घालणार असाल तर डायलाइझ केलेलंच, म्हणजे लहान रेणू काढून टाकलेलं. साध्या फीटल बोव्हाइन सीरममध्ये अमिनो आम्लं आणि ग्लुकोज दोन्ही असतात. १० टक्के घातलं की ‘ल्युसिनविरहित’ हे नाव फक्त बाटलीवर उरतं. धुणंही हिशेबाने करा. सहा वेलच्या प्लेटमध्ये जुनं मीडियम ओढून घेतल्यावर कडेला साधारण १०० मायक्रोलिटर उरलं असं धरा. त्यावर सरळ २ मिली नवं मीडियम ओतलं, तर जुन्यातलं जवळपास ५ टक्के ल्युसिन तसंच राहतं. मध्ये दोनदा २-२ मिलीने धुतलं तर ते सुमारे ९ हजाराव्या हिश्श्यावर येतं. धुण्याचं द्रावण ३७ अंशांवर असू द्या. गार पीबीएसने सैल पेशी, विशेषतः एचईके-२९३, उचलून येतात आणि पुढे प्रत्येक लेनमध्ये प्रथिनाचं प्रमाण वेगळं पडतं.

प्युरोमायसिन डायहायड्रोक्लोराइड पाण्यात सहज विरघळतं. मिलीला १० मिलिग्रॅमचं द्रावण करून ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि लहान नळ्यांत उणे २० वर ठेवा. एक नळी एकदाच वितळवावी. पेशींवर मिलीला १ ते १० मायक्रोग्रॅम, १० मिनिटं, ही नेहमीची मात्रा. १ मायक्रोग्रॅम म्हणजे जवळपास १.८ मायक्रोमोलर. कुणी सुचवलेली मात्रा तशीच उचलू नका. आपल्या पेशींवर ०.५, १, २.५, ५ आणि १० अशी उतरंड लावा, आणि जिथे मात्रा दुप्पट केल्यावर सिग्नलही जवळपास दुप्पट होतो त्या पट्ट्यातली मात्रा निवडा. वेळेचंही तसंच: ५, १० आणि १५ मिनिटांत सिग्नल सरळ रेषेत चढला पाहिजे. अर्ध्या तासावर नेऊन काही मिळत नाही. प्युरोमायसिन लागलेल्या अर्धवट साखळ्या प्रोटिअसोम फस्त करत असतो, शिवाय प्युरोमायसिन स्वतःच प्रथिननिर्मिती बंद पाडतं. उंदरांवर करायचं असेल तर दर ग्रॅम वजनाला ०.०४ मायक्रोमोल, पोटात इंजेक्शन, आणि बरोबर ३० मिनिटांनी ऊती गोठवायच्या.

वेलमध्ये थेट साठ्याचं द्रावण टाकलं तर ते एका कोपऱ्यात जड होऊन बसतं. त्याच वेलमधलं थोडं मीडियम घेऊन त्यात दहापट तीव्र मिश्रण करा आणि ते पसरवून घाला, प्लेट आडवी-उभी हलवा. दोन वेलमध्ये एका मिनिटाचं अंतर ठेवा आणि थांबवतानाही त्याच क्रमाने, त्याच अंतराने थांबवा. १० मिनिटांच्या मापात दोन मिनिटांची चूक म्हणजे २० टक्के फरक, आणि उपासमारीतला खरा फरक कधी कधी तेवढाच असतो. पेशी बर्फावर गार पीबीएसने धुऊन रिपा बफरमध्ये फोडा. त्यात प्रोटिएज रोधकांसोबत फॉस्फटेज रोधकही घाला, म्हणजे त्याच लायसेटवर एमटॉरच्या इशाऱ्यावर चालणारं एस-६ कायनेज आणि ईआयएफ-२ अल्फाही पाहता येतील.

कंट्रोलशिवाय हा ब्लॉट निरर्थक आहे. प्युरोमायसिन न घातलेली लेन हवीच. काही पेशींत अँटिबॉडी एखाद-दोन पट्ट्या उगाच दाखवते आणि त्या वजा कराव्या लागतात. दुसरा कंट्रोल रायबोसोम जागीच अडवणारं सायक्लोहेक्झिमाइड, मिलीला १०० मायक्रोग्रॅम. याने सिग्नल खूप उतरतो, पण शून्य होतोच असं नाही, कारण एमआरएनएवर अडकून राहिलेला रायबोसोमही प्युरोमायसिन घेऊ शकतो. तो उरलेला सिग्नल पाहून अँटिबॉडीला नावं ठेवू नका. आम्ही हॅरिंगटोनिन पसंत करतो: मिलीला २ मायक्रोग्रॅम, १५ मिनिटं आधी. ते नव्या सुरुवाती अडवतं, आधी चढलेले रायबोसोम आपला एमआरएनए संपवून उतरतात, आणि मग प्युरोमायसिनला कुणी उरत नाही. सस्तन पेशीत रायबोसोम सेकंदाला पाच-सहा अमिनो आम्लं जोडतो, म्हणजे १५ मिनिटांत जवळपास सगळे एमआरएनए मोकळे होतात. अ‍ॅनिसोमायसिनही चालतं, ते प्युरोमायसिनचीच जागा अडवतं.

एमटॉरचा कंट्रोल म्हणून रॅपामायसिन हा एमटॉर-रोधक घेणाऱ्यांची निराशा होते. सिग्नल थोडाच उतरतो आणि दोष कुपीवर येतो. वास्तविक रॅपामायसिन एस-६ कायनेजला पुरतं बंद करतं, पण ४ई-बीपी१ वरचे बरेचसे फॉस्फेट तसेच ठेवतं. एमटॉरला जास्त पुरेपूर अडवणारं टॉरिन-१, २५० नॅनोमोलर, एक ते दोन तास दिलं की सिग्नल निम्म्याहून खाली येतो. ईबीएसएसचा आकडा याच्याशी ताडून पाहा.

अँटिबॉडीबद्दल. १२डी१० हा उंदराचा क्लोन, आयजीजी-२ए जातीचा, मर्कच्या मिलिपोर नाममुद्रेखाली मिळतो. तो ताकदवान आहे. १:१००० वर लावला तर सगळी लेन काळी होते आणि निम्मी घटही दिसत नाही. १:५००० पासून सुरुवात करा आणि पातळ करत जा. लेनला १५ ते २० मायक्रोग्रॅम प्रथिन, ४ ते १५ टक्क्यांचं ग्रेडियंट जेल, पीव्हीडीएफ पडदा, ५ टक्के दूध. चांगल्या ब्लॉटवर वरपासून खालपर्यंत सलग पट्टा येतो. मोजताना पूर्ण लेन मोजा. एखादी ठळक पट्टी निवडून तिचा आलेख काढणं म्हणजे हवा तो निकाल निवडणं. समानीकरण पोन्सो-एस किंवा स्टेन-फ्री जेलवरच्या एकूण प्रथिनाने करावं. लांबच्या उपासमारीत अ‍ॅक्टिनवर भरवसा कमी. उंदराच्या ऊतींवर मात्र आयजीजी-२ए साठीच बनवलेली दुय्यम अँटिबॉडी घ्या, नाहीतर ऊतीतल्या रक्तातल्या प्रतिपिंडांच्या साखळ्या ५० आणि २५ किलोडाल्टनला उमटून मधला पट्टा झाकतात.

सोबत काय पाहायचं? एस-६ कायनेजचा ३८९ वा थ्रिओनिन (७० किलोडाल्टन), ४ई-बीपी१ (१५ ते २० च्या दरम्यान, उपाशी पेशीत तीन पट्ट्यांतली खालची ठळक होते, त्यासाठी १५ टक्क्यांचं जेल), ईआयएफ-२ अल्फाचा ५१ वा सेरिन आणि त्यावर फॉस्फेट चढल्यावर वाढणारं एटीएफ-४ हे प्रथिन. वेळा अर्धा, एक, दोन आणि चार तास. पहिल्या अर्ध्या तासातच एस-६ कायनेज विझतं. एटीएफ-४ ला वेळ लागतो, आणि ईबीएसएसमध्ये ते अपेक्षेपेक्षा कमी दिसलं तर गोंधळू नका, कारण त्याच्या निर्मितीला एमटॉरचाही हातभार असतो आणि तो तुम्हीच बंद केलेला असतो. चार तासांपुढे चित्र गढूळ होतं. ऑटोफॅजी पेशीतलीच प्रथिनं मोडून अमिनो आम्लं परत पुरवते आणि एमटॉर थोडं जागं होतं. अशा वेळी प्युरोमायसिनचा सिग्नल किंचित चढला, तर तो खराच असू शकतो.

आता ग्लुकोज. २०१८ साली एका संशोधन-लेखाने स्पष्ट दाखवलं की ऊर्जेविना उपाशी ठेवलेल्या पेशींत प्युरोमायसिनवरून प्रथिननिर्मिती मोजता येत नाही. यंत्रणा पाहिली तर यात आश्चर्य नाही. ऊर्जा घटली की ऊर्जेची टंचाई ओळखणारं एएमपीके जागं होतं, ईईएफ-२ कायनेज हे साखळी वाढवायला मदत करणाऱ्या ईईएफ-२ च्या ५६ व्या थ्रिओनिनवर फॉस्फेट चढवतं आणि साखळी वाढण्याचा वेग मंदावतो. रायबोसोम एमआरएनएवर आहेत, पण रांगत चाललेत. अशा मंद रायबोसोमची ए-जागा जास्त वेळ मोकळी राहते, आणि प्युरोमायसिनला तिथे शिरायला उलट जास्त संधी मिळते. खऱ्या अमिनो आम्लाला टीआरएनएवर चढायला एटीपी लागतो, प्युरोमायसिनला लागत नाही. अर्धवट साखळ्या संपवणाऱ्या प्रोटिअसोमलाही एटीपी लागतो. तो मंदावला की प्युरोमायसिनची खूण लागलेल्या साखळ्या साचतात. वर प्युरोमायसिन पेशीबाहेर फेकणारा पी-ग्लायकोप्रथिन पंपही एटीपीवरच चालतो. या सगळ्या चुका एकाच दिशेला झुकतात: प्रथिननिर्मिती घटलेली असताना सिग्नल टिकून राहतो. अमिनो आम्लांच्या उपासमारीतही याची छोटी आवृत्ती भेटते. आर्जिनिन काढल्यावर मानवी पेशींत रायबोसोम आर्जिनिनच्या कोडॉनवर थबकतात, ल्युसिन काढल्यावर तसं फारसं होत नाही. म्हणून आर्जिनिन आणि ल्युसिन यांच्या घटीची टक्केवारी शेजारी ठेवून तुलना करू नये.

मग ग्लुकोजवाल्यांनी काय करावं? पॉलिसोम प्रोफाइल, म्हणजे एकेका एमआरएनएवर किती रायबोसोम चढलेत ते उतारावर वेगळं करून पाहणं. १० ते ५० टक्के सुक्रोजचा उतार, एसडब्ल्यू-४१ रोटर, ३६ हजार फेऱ्या, सुमारे अडीच तास, लायसिस बफरमध्ये सायक्लोहेक्झिमाइड. सुरुवात अडली असेल तर पॉलिसोम (अनेक रायबोसोम चढलेले एमआरएनए) ओसरून ८०-एसचं, म्हणजे एकेकट्या रायबोसोमचं, शिखर उंचावतं. वाढ मंदावली असेल तर पॉलिसोम तसेच राहतात आणि तरी प्रथिन बनत नाही. अल्ट्रासेंट्रिफ्यूज नसेल तर हॅरिंगटोनिन देऊन ०, २, ४, ६ आणि ८ मिनिटांनी प्युरोमायसिन द्या. सिग्नल किती वेगाने ओसरतो त्यावरून रायबोसोमचा वेग कळतो. या वापरात प्युरोमायसिन पुन्हा कामाला येतं, कारण तुलना त्याच पेशींच्या स्वतःच्या शून्य मिनिटाशी होते.

सर्वांत जास्त वाया जाणारी खरेदी मात्र वेगळ्याच कारणाने होते. जीसीएन-२ किंवा एटीएफ-४ कमी करण्यासाठी पीएलकेओ-१ प्युरो वेक्टर वापरून बनवलेल्या पेशी प्युरोमायसिन-एसिटिलट्रान्सफरेज हे प्युरोमायसिन निकामी करणारं विकर बनवतात. निवडीसाठी दिलेलं ते जनुक मोजमापाचं प्युरोमायसिनही निकामी करतं. कंट्रोल पेशी साध्या आणि नॉकडाउन प्युरो-निवडलेल्या असतील, तर जीसीएन-२ चा परिणाम समजून तुम्ही प्रतिरोधक जनुकाचा परिणाम छापाल. हायग्रोमायसिन किंवा ब्लास्टिसिडिनवर निवडलेल्या लाइन बनवा. जुन्या लाइनच वापरायच्या असतील तर दोन्ही बाजू प्युरो-निवडलेल्या असू द्या, आणि मात्रेची उतरंड नव्याने लावा. औषधांना दाद न देणाऱ्या कर्करोग पेशी आणि यीस्ट यांच्याबाबतही आधी खात्री करा. साध्या यीस्टमध्ये प्युरोमायसिन धड शिरतच नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली प्रथिननिर्मिती ‘कुठे’ चालते हे दाखवायला ही जोडी घेऊ नये. साखळ्या सुटल्यावर विखुरतात, आणि इमेटिनने त्या रायबोसोमवर धरून ठेवता येतात हा जुना समज २०२० मध्ये तपासणीत टिकला नाही. पेशीत ‘किती’ एवढंच विचारा.

खरेदीत कंजुषी अँटिबॉडीवर करता येते, प्युरोमायसिनवर नाही. निवडीसाठी म्हणून फ्रिजमध्ये कित्येक महिने ४ अंशांवर पडलेली जुनी नळी मोजमापाला वापरू नका. आयोवा विद्यापीठाच्या हायब्रिडोमा बँकेतला पीएमवाय-२ए४ हा क्लोन १२डी१० ला चांगला पर्याय आहे. त्याची मूळ किंमत कमी असते, पण भारतात मागवताना वाहतूक आणि सीमाशुल्क धरूनच तुलना करावी. जवळपासच्या दोन-तीन गटांनी एकत्र मागवलं तर परवडतं. १२डी१० पातळ केलेली असताना ०.०२ टक्के सोडियम अझाइड घालून ४ अंशांवर ठेवली, की तीच बाटली पुष्कळ ब्लॉटना पुरते. अझाइड फक्त प्राथमिक अँटिबॉडीतच. दुय्यम अँटिबॉडीत पडलं तर पेरॉक्सिडेज मरतं आणि पडदा कोरा येतो.